वाचकांचे प्रश्न : जहाज आत्ता कुठे आहे?

सोलापूर जिल्ह्यातून गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच विषयाची निघाली, म्हणून या अंकातील सदर त्यांनाच दिले आहे. ज्या जिल्ह्याला समुद्र पाहायचा तर सह्याद्री उतरावा लागतो, तिथल्या वाचकांनी मालवाहू जहाजांचा ठावठिकाणा विचारावा याचे नवल वाटायला नको. टॉवेल, चादरी आणि डाळिंबे इथूनच बंदराकडे जातात, आणि बोटीवर नोकरी करणारी मुलेही इथूनच जातात. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. हॅम्बुर्गच्या ग्राहकासाठी चाळीस फुटी एक कंटेनर न्हावा शेव्याहून रवाना केला. बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर) जहाजाचे जे नाव आहे ते मी मोबाइलवरील नकाशात रोज पाहतो. पहिले काही दिवस ते दक्षिणेकडे गेले, कोलंबोजवळ दोन दिवस उभे राहिले, आणि आज बाराव्या दिवशी ते चक्क गुजरातमधील मुंद्र्याकडे येताना दिसते. माझा माल परत येतो आहे काय? माल पाठवण्याची व्यवस्था करणारा मध्यस्थ, म्हणजे फॉरवर्डर, ‘काळजी करू नका’ यापलीकडे काही सांगत नाही.

उत्तर : माल बहुधा परत येत नाही, परत येत आहे ते फक्त जहाज. आपण ज्या जहाजावर नजर ठेवली ते फीडर असावे, म्हणजे जवळच्या बंदरांतून कंटेनर गोळा करून मोठ्या बंदरात नेऊन देणारे लहान जहाज. न्हावा शेव्याहून कोलंबो सुमारे ९०० सागरी मैल आहे आणि १५ नॉटच्या, म्हणजे तासाला १५ सागरी मैलांच्या, वेगाने तो प्रवास अडीच दिवसांचा होतो. तिथे धक्का रिकामा होईपर्यंत जहाज नांगरून राहिले असेल, मग आपला कंटेनर उतरवून, दुसरे भरून ते पुढच्या फेरीला निघाले असेल. आपला कंटेनर या वेळी कोलंबोच्या यार्डात युरोपला जाणाऱ्या मोठ्या जहाजाची वाट पाहत असेल किंवा त्यावर चढलाही असेल. पंढरपूरला जाणारा प्रवासी मोहोळला गाडी बदलतो. त्यानंतर पहिली गाडी कुठे गेली हे पाहून प्रवाशाचा पत्ता लागत नाही, तसेच हे आहे.

म्हणून पहिली सूचना अशी की, जहाजाच्या नावावरून नव्हे तर कंटेनरच्या क्रमांकावरून चौकशी करावी. हा क्रमांक कंटेनरच्या दारावर आणि बिल ऑफ लेडिंगवर असतो : चार इंग्रजी अक्षरे, त्यांतले चौथे मालाच्या कंटेनरसाठी ‘यू’, त्यापुढे सहा अंक आणि शेवटी एक पडताळणी अंक. ज्या शिपिंग लाइनचे बिल आहे तिच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कंटेनर बंदराच्या फाटकातून कधी आत गेला, जहाजावर कधी चढला, कुठे उतरला आणि पुढे कोणत्या जहाजासाठी राखून ठेवला आहे, हे टप्प्याटप्प्याने दिसते. तिथे दुसऱ्या जहाजाचे नाव व फेरी क्रमांक मिळाला की मगच नकाशा उघडावा.

आता नकाशाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्यावरचा विश्वास कुठे ठेवावा आणि कुठे राखून ठेवावा हे एकदा कळले की फॉरवर्डरला काय विचारायचे तेही कळते. नकाशावरचा ठिपका म्हणजे जहाजाने स्वतःविषयी रेडिओवरून दिलेली माहिती असते. ज्या यंत्रणेतून ती येते तिला दर्यावर्दी लोक इंग्रजी आद्याक्षरांवरून एआयएस म्हणतात. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टन व त्यावरील प्रत्येक जहाजावर, देशांतर्गत फिरणाऱ्या ५०० टन व त्यावरील मालवाहू जहाजांवर आणि सर्व प्रवासी जहाजांवर ती बंधनकारक आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांवर ती २००४ सालच्या अखेरीपर्यंत बसवावी असा सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा दंडक होता. तिचा मूळ हेतू रात्री किंवा धुक्यात समोरचे जहाज कोणते, कुठे चालले आहे हे दुसऱ्या जहाजाला कळावे आणि टक्कर टळावी, एवढाच. कारखानदाराला माल दिसावा, ही सोय मागाहून निघाली.

या निरोपात दोन प्रकारची माहिती असते आणि दोहोंचा दर्जा एक नाही. जहाजाचे स्थान, वेग आणि दिशा ही उपग्रहाधारित जीपीएस व इतर उपकरणांकडून आपोआप येते. जहाज १४ नॉटपेक्षा कमी वेगाने चालत असेल तर दर १० सेकंदांनी, त्याहून वेगात असेल तर ६ सेकंदांनी, २३ नॉटच्या वर २ सेकंदांनी आणि नांगरलेले असेल तर ३ मिनिटांनी. या माहितीवर सहसा विसंबावे. गंतव्य बंदर, पोहोचण्याची अपेक्षित वेळ आणि ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे ते माप, ही माहिती मात्र ब्रिजवरील, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षातील, अधिकारी हाताने टाइप करतो. तो नवीन बंदर टाकायला विसरतो, चुकीचे संक्षेप लिहितो, किंवा नुसते ‘आदेशाची प्रतीक्षा’ असे लिहून मोकळा होतो. गंतव्याच्या रकान्यात केवळ वीस अक्षरे मावतात, त्यामुळे न्हावा शेव्यासाठी आयएनएनएसए, कोलंबोसाठी एलकेसीएमबी, हॅम्बुर्गसाठी डीईएचएएम असे पाच अक्षरी संकेत वापरण्याची रीत आहे. पोहोचण्याच्या वेळेत महिना, दिवस, तास आणि मिनिटे असतात, वर्ष नसते. शिवाय ती जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे तिथे १ तारखेची संध्याकाळची १८:३० दिसली तर आपल्याकडे ती २ तारखेची मध्यरात्र होते. अनेक निर्यातदार इथे एका दिवसाने चुकतात आणि ग्राहकाला चुकीची तारीख कळवून बसतात.

आपल्या प्रश्नापुरते सांगायचे तर ‘नांगरलेले’ हा शब्द पाहून घाबरू नये. मोठ्या बंदराबाहेर जहाज दोन-तीन दिवस नांगरून राहणे हे एस. टी. स्थानकाबाहेर फलाट मोकळा होण्याची वाट पाहणाऱ्या गाडीइतके नेहमीचे आहे. काळजी तेव्हा करावी, जेव्हा कंटेनर ट्रान्सशिपमेंटच्या, म्हणजे जहाज बदलण्याच्या, बंदरात उतरून आठ-दहा दिवस झाले तरी पुढचे जहाज नेमलेले दिसत नाही. त्याला या धंद्यात ‘रोलओव्हर’ म्हणतात. जागा भरल्यामुळे कंटेनर मागे राहतो आणि पुढच्या फेरीत जातो. फॉरवर्डरला ‘माल कुठे आहे?’ असे मोघम विचारू नये. ‘कोलंबोहून कोणत्या जहाजावर, कोणत्या फेरीत जागा मिळाली आहे?’ असे विचारावे. या प्रश्नाला ‘काळजी करू नका’ हे उत्तर देता येत नाही.

प्रश्न : माझा मुलगा एका बल्क कॅरिअरवर (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावर) थर्ड ऑफिसर आहे. ब्राझीलमध्ये लोहखनिज भरून जहाज चीनला निघाले आहे. पहिले दोन दिवस मोबाइलवर त्याचे जहाज दिसत होते, नंतर ठिपका करडा झाला आणि ‘शेवटचा संपर्क नऊ दिवसांपूर्वी’ असे येते. मुलाचा संदेशही चार दिवसांत नाही. घरात कोणाला झोप नाही. काही अघटित झाले असेल तर हे असेच दिसते का?

उत्तर : ताई, अघटित झाले तर ते असे दिसत नाही, हे आधी सांगतो आणि कारण नंतर देतो.

ठिपका करडा होण्याचे कारण सहसा जहाजात नसून किनाऱ्यावर असते. एआयएसचा रेडिओ संदेश सरळ रेषेत जातो आणि पृथ्वी गोल असल्याने क्षितिजापलीकडे तो सहसा पोहोचत नाही. किनाऱ्यावरील उंच अँटेनाला साधारणपणे ४० ते ६० सागरी मैलांपर्यंतची जहाजे ऐकू येतात. ब्राझीलहून चीनकडे निघालेले जहाज दक्षिण अटलांटिक ओलांडते, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालते, मग हिंदी महासागर पार करते. हा सुमारे अकरा हजार सागरी मैलांचा प्रवास भरलेल्या जहाजाला पाच-सहा आठवडे घेतो आणि त्यातले कित्येक दिवस शेकडो मैलांच्या परिसरात ऐकणारे एकही केंद्र नसते. उपग्रह हे संदेश टिपू शकतात, पण उपग्रहाकडून आलेली माहिती नकाशे चालवणाऱ्या कंपन्या सहसा पैसे भरणाऱ्यांनाच दाखवतात. म्हणजे आपल्या मोबाइलवर जहाज दिसत नाही याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की आपण वर्गणी भरलेली नाही. उपग्रहाचीही एक अडचण आहे. जहाजे आपापसांत वेळेचे कप्पे वाटून घेऊन बोलतात. एका मिनिटाचे २,२५० कप्पे, असे दोन वाहिन्यांवर. किनाऱ्याजवळच्या पन्नास मैलांत ही शिस्त पुरते, पण उपग्रहाच्या दृष्टीत एकाच वेळी हजारो किलोमीटरचा पट्टा येतो आणि परस्परांना न ऐकणाऱ्या जहाजांचे आवाज त्याच्या कानात एकमेकांवर पडतात.

याशिवाय कप्तानाला स्वतःच्या विवेकाने एआयएस बंद ठेवण्याची मुभा आहे. चाचेगिरीचा किंवा हल्ल्याचा धोका आहे असे त्याला वाटले तर तो ते बंद करतो आणि जहाजाच्या नोंदवहीत तशी नोंद करतो.

आपल्याला ठाऊक असायला हवे असे आणखी एक आहे. आपल्याला दिसत नाही म्हणून कोणालाच दिसत नाही, असे होत नाही. लांब पल्ल्याच्या जहाजांवर एआयएसपासून वेगळी, एलआरआयटी नावाची यंत्रणा असते. ती साधारण दर सहा तासांनी उपग्रहामार्फत जहाजाचे स्थान ज्या देशाचा ध्वज त्यावर आहे त्या देशाच्या प्रशासनाला कळवते. ही माहिती जनतेसाठी खुली नसते. शिवाय कप्तान दररोज दुपारी बाराचा अहवाल कंपनीला पाठवतो, त्यात स्थान, वेग, हवामान आणि उरलेले इंधन असते. आणि खरोखर संकट आले, तर त्यासाठी ईपर्ब नावाचे स्वतंत्र उपकरण डेकवर बसवलेले असते. जहाज बुडू लागले तर पाण्याच्या दाबाने, चार मीटर खोलीच्या आतच, ते आपोआप सुटून वर येते आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहांना संकटसंदेश देते. तो संदेश शोध व बचाव केंद्रांकडे जातो आणि जहाजाच्या नोंदणीवरून मालकापर्यंत पोहोचतो. त्यामुळे ठिपक्याचे नाहीसे होणे आणि जहाजाचे संकटात असणे यांचा संबंध लावू नये. २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे जहाज ६४० कंटेनरांसह कोचीजवळ बुडाले, तेव्हाही त्यावरील सर्व २४ जणांना वाचवण्यात आले.

मुलाचा संदेश न येण्याविषयी : अनेक जहाजांवर इंटरनेट असते, पण त्याचा कोटा ठरलेला असतो, कधी तो संपतो, कधी अँटेना बिघडते. थर्ड ऑफिसरची ब्रिजवरील पाळी बहुतेक जहाजांवर सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा असते, आणि उरलेल्या वेळात जीवरक्षक व अग्निशमन साहित्याची देखभाल त्याच्याकडे असते. चार दिवसांचे मौन त्रासदायक असले तरी समुद्रावर असाधारण नाही. तरीही मन थाऱ्यावर नसेल तर नकाशाकडे न पाहता मुलाला ज्या मुंबईच्या एजन्सीने नोकरीवर पाठवले तिला दूरध्वनी करावा. जहाजाचे आजचे दुपारचे स्थान सांगा, एवढेच विचारावे. त्यांच्याकडे ते असते. प्रत्येक जहाज कंपनीत जहाजावरील सुरक्षिततेसाठी किनाऱ्यावर नेमलेली एक जबाबदार व्यक्ती असते, तिचे नाव व क्रमांक मुलगा पुढच्या वेळी जहाजावर जाण्यापूर्वीच लिहून घ्यावा. देवघराजवळच्या कॅलेंडरवर तो लिहून ठेवणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

प्रश्न : मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एआयएसचे संदेश पकडणारा स्वस्त रिसीव्हर मिळतो असे वाचले. सोलापूर समुद्रसपाटीपासून बरेच उंच आहे, तर घराच्या गच्चीवर अँटेना लावून अरबी समुद्रातील जहाजे टिपता येतील का? प्रकल्पासाठी हवे आहे.

उत्तर : येणार नाहीत, आणि का येणार नाहीत हे गणित करून पाहिले तर प्रकल्पाचा निम्मा भाग तिथेच तयार होईल. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन वाहिन्यांवर चालते. या लहरींचा पल्ला काढण्याचे सोपे सूत्र असे : दोन्ही अँटेनांच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे काढावीत, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. सोलापूरची उंची ४६० मीटर धरू आणि जहाजाच्या अँटेनाची ३० मीटर. वर्गमुळे अनुक्रमे २१.४ आणि ५.५, बेरीज २६.९, पल्ला सुमारे १११ किलोमीटर. सोलापूरपासून रत्नागिरीचा किनारा सरळ रेषेत सुमारे २८५ किलोमीटर आहे. म्हणजे मधला सह्याद्री क्षणभर बाजूला केला तरी आपण निम्म्या वाटेवरही पोहोचत नाही, आणि सह्याद्री तर बाजूला होत नाही. पावसाळ्यापूर्वीच्या स्तब्ध, उकाड्याच्या हवेत समुद्रावर या लहरी कधीकधी नेहमीच्या कितीतरी पट लांब जातात हे खरे, परंतु त्यासाठीही अँटेना किनाऱ्यावर हवी.

आपल्याला संदेश उलगडण्यातच रस असेल तर गच्चीची गरज नाही. डेन्मार्कच्या सागरी प्रशासनाने आपल्या किनाऱ्यावर नोंदलेली एआयएसची जुनी माहिती विनामूल्य खुली ठेवली आहे, अमेरिकेच्या सरकारी संस्थाही आपल्या किनाऱ्याची माहिती देतात. एका दिवसाची फाइलसुद्धा प्रचंड असते. तीत हाताने भरलेला गंतव्याचा रकाना वाचून एकाच बंदराचे नाव किती तऱ्हांनी लिहिले जाते ते मोजावे आणि प्रत्यक्षात जहाज कुठे थांबले त्याच्याशी ताडून पाहावे. टॉवेलच्या कारखानदारांना वर दिलेल्या उत्तराची ती चांगली परीक्षा ठरेल, आणि माझ्या मते अँटेनाच्या फोटोपेक्षा परीक्षकांना ती अधिक आवडेल.

प्रश्न : सांगोला तालुक्यात आमची डाळिंबाची बाग आहे. यंदा आमच्या गटाचा माल युरोपला समुद्रमार्गे पाठवण्याचा विचार आहे. जहाज सुएझमधून जाईल की आफ्रिकेला वळसा घालून, हे आधी कळते का?

उत्तर : आधी कळते ते शिपिंग लाइनच्या वेळापत्रकावरून, आणि खात्री पटते ती जहाज एडनच्या आखाताकडे वळते की दक्षिणेकडे उतरते हे नकाशावर पाहिल्यावर. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या लाइनींनी जहाजे केप ऑफ गुड होपकडून वळवली. त्या काळात जी जहाजे त्या अरुंद पट्ट्यातून गेलीच, त्यांतील काहींनी गंतव्याच्या रकान्यात बंदराऐवजी ‘जहाजावर सशस्त्र रक्षक आहेत’ किंवा ‘सर्व खलाशी चिनी आहेत’ असे मजकूर लिहिले. वीस अक्षरांच्या रकान्याचा असा उपयोग तो आखणाऱ्यांच्या मनातही आला नसेल.

न्हावा शेव्याहून रॉटरडॅम सुएझमार्गे सव्वासहा हजार सागरी मैलांच्या आसपास आहे. आफ्रिकेला वळसा घातला तर ते अंतर साडेदहा हजारांच्या घरात जाते. १६ नॉटच्या वेगाने जहाज दिवसाला ३८४ मैल तोडते, तेव्हा नुसत्या प्रवासात अकरा दिवसांची भर पडते, बंदरातील थांबे वेगळेच. डाळिंब हा लांबचा प्रवास सोसते याचा पुरावा आपल्याच जिल्ह्याने दिला आहे : सोलापूर परिसरातील ५.७ टन डाळिंबे ६ डिसेंबर २०२४ रोजी समुद्रमार्गे निघून १३ जानेवारी २०२५ रोजी सिडनीला पोहोचली. मात्र जहाजाचा ठिपका रीफर, म्हणजे शीत, कंटेनरमधील तापमान सांगत नाही. ते हवे असेल तर लाइनकडे तापमानाची नोंद मागण्याचे कलम माल भरण्यापूर्वीच लिहून घ्यावे, आणि कंटेनरमध्ये स्वतःचा तापमान नोंदक ठेवावा.

प्रश्न : वालचंद हिराचंद यांचा जन्म आमच्या सोलापूरचा. त्यांच्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विलायतेला गेले तेव्हा ते कुठवर पोहोचले हे इथल्या लोकांना कसे कळत असेल? आणि आज एकाच नावाची अनेक जहाजे असतात, त्यांतले आपले कोणते हे कसे ओळखावे?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर योगायोगाने त्याच जहाजापाशी मिळते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. त्या काळात भर समुद्रातील जहाजाचे स्थान घरबसल्या कळण्याचा मार्ग नव्हता. कळत असे ते बंदरांतून. मुंबई ते एडन व सुएझ अशी समुद्रतळाची तार १८७० पासून होती, वाटेतील बंदरांत जहाज आले की एजंट तार करीत, किनाऱ्यावरील खुणांच्या ठाण्यांवरून जाणाऱ्या जहाजांची निशाणे वाचून त्यांच्या नोंदी लंडनला कळवल्या जात, आणि १७३४ पासून निघणाऱ्या ‘लॉइड्स लिस्ट’मध्ये त्या छापून येत. दोन बंदरांमधल्या दिवसांत मालकालाही वाट पाहण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. आजच्या नकाशावरचा करडा ठिपका ज्यांना असह्य होतो त्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता ओळखीविषयी. ‘लॉयल्टी’चे हे नाव मूळचे नव्हे. १८९१ साली बांधले तेव्हा ते ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ होते. पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांनी ते घेऊन नाव बदलले आणि त्यांच्याकडून ते सिंदियाकडे आले. जहाज विकले की नाव बदलते, ध्वज बदलतो, मालक बदलतो. म्हणून १९९६ पासून जहाजाला जन्मभर न बदलणारा सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक बंधनकारक झाला. नकाशात शोधताना नाव न टाकता हा क्रमांक टाकावा. त्याचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो : पहिल्या सहा अंकांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणून बेरीज करावी, बेरजेचा शेवटचा अंक आणि सातवा अंक एकच आला पाहिजे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’चा क्रमांक ९८११००० आहे. ६३, ४८, ५ आणि ४ मिळून १२०. शेवटी शून्य, जुळले. (त्या जहाजाच्या बाजूवर ‘एव्हरग्रीन’ असे अवाढव्य अक्षरांत लिहिलेले होते आणि कित्येकांनी तेच जहाजाचे नाव समजून शोध घेतला, ते चालवणाऱ्या कंपनीचे नाव होते.)

एमएमएसआय नावाचा नऊ अंकी क्रमांकही दिसेल. तो रेडिओचा क्रमांक आहे, ध्वज बदलला की बदलतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात : भारत ४१९, लायबेरिया ६३६, मार्शल बेटे ५३८.

प्रश्न : मी रेल्वेतून निवृत्त झालो. गाडी कुठे आहे हे ॲपवर पाहण्याची सवय आहे, आता नातू मला जहाजे दाखवतो. दोन शंका आहेत. काही जहाजे जमिनीवर उभी दिसतात, ती का? आणि १४ नॉट म्हणजे आमच्या हिशेबात किती?

उत्तर : जहाज जमिनीवर दिसले तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे नकाशावरील किनारा ढोबळ काढलेला असतो आणि जहाज प्रत्यक्षात खाडीत किंवा गोदीत असते. दुसरी शक्यता गंभीर आहे : युद्धाच्या परिसरात जीपीएसचे संकेत मुद्दाम बिघडवले जातात आणि मग शेकडो जहाजे एकदम एखाद्या विमानतळावर गोळा झालेली किंवा वर्तुळात फिरताना दिसतात. काळ्या समुद्रात आणि इराणच्या आखातात हे घडले आहे. अशा वेळी कप्तान रडार आणि डोळे यांवर चालतो. आपण तेवढे दिवस नकाशा बंद ठेवावा.

एक नॉट म्हणजे तासाला १.८५२ किलोमीटर, तेव्हा १४ नॉट म्हणजे तासाला सुमारे २६ किलोमीटर. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापूर सोडून साधारण आठ तासांत मुंबई गाठते. तिच्याच वेळेला मुंबईच्या बंदरातून १४ नॉटने दक्षिणेकडे निघालेले जहाज, गाडी मुंबईत पोहोचेल तेव्हा सुमारे दोनशे सात किलोमीटर गेलेले असेल. म्हणजे सकाळी नातवाला नकाशा उघडायला सांगितलात तर ते रत्नागिरीच्या जरा अलीकडे सापडेल, आणि किनाऱ्यापासून फार दूर नसल्याने ठिपका करडा झालेला नसेल.